आधी पाणी, मग मुक्काम

आमच्या आर्णीत कोणाच्याही घरी गेलं की आधी पाण्याचा गिलास येतो, बोलणं मागून. देवरावभाऊ आमच्याकडे पंचवीस-सव्वीस वर्षं येत-जात राहिले, पण त्या गिलासाला त्यांनी कधी हात लावला नाही. "आताच पिऊन आलो, सर," एवढं म्हणायचे आणि ओट्यावर बसायचे. चहाचंही तेच. माझी बायको आधी आग्रह करायची, मग तिनं नाद सोडला. माणूस म्हटला की एखादी खोड असायचीच, असं मी धरून चाललो होतो. मी भूगोलाचा मास्तर. नद्या, डोंगर, वारे यांच्याकडे माझं लक्ष चांगलं असायचं, माणसांकडे जरा उशिरानं जायचं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याबद्दल कोणाचा गैरसमज नको.

देवरावभाऊंचं बसस्टँडच्या रस्त्यावर वेल्डिंगचं दुकान होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, डवरे, गेटं, खिडक्यांच्या जाळ्या, सगळं तिथं व्हायचं. अंगानं वाळके, उंच, भुवईवर ठिणगीचा जुना डाग. नवा शर्ट आठ दिवसांत ठिणग्यांनी भोकाभोकांचा होऊन जायचा. शांताबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "यायले शर्ट कायले पाह्यजे, मच्छरदाणी घेऊन द्या." भाऊ त्यावर हसायचे नाहीत. ते फार हसत नसत, फार बोलतही नसत. गेट बसवून झालं की गिऱ्हाईक म्हणायचं, मस्त झालं. भाऊ खिशातून पाणसळ काढायचे, गेटावर ठेवायचे, तो हवेचा बुडबुडा मधोमध आला की मगच "हाव, झालं" म्हणायचे. स्वतःच्या डोळ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "डोळा आपल्या सोयीनं पाह्यते, सर," म्हणायचे. पुढे पाणसळ कुठंतरी हरवली तेव्हा त्यांनी एक स्टीलची वाटी धरली. वाटीत काठोकाठ पाणी घालायचं, ठेवायची, आणि पाणी कुठल्या काठावरून सांडतं ते पाहायचं.

शांताबाईंच्या किडन्या गेल्या तेव्हा त्यांची मुलगी नुकतीच लग्न होऊन नागपूरला गेली होती. डॉक्टरांनी पोटाचं डायलिसिस सांगितलं. आमच्या गावात ते कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणून समजावून सांगतो. पोटात एक नळी कायमची बसवलेली असते. दोन लिटर औषधी पाण्याची पिशवी उंच टांगायची, ते पाणी नळीतून पोटात सोडायचं, काही तासांनी ते खाली दुसऱ्या पिशवीत काढायचं आणि पुन्हा नवं भरायचं. दिवसातून चार वेळा, दर वेळी पाऊण तास. त्या पाऊण तासात खोलीची दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुतलेले. धुळीचा एक कण नळीत गेला आणि पोटात जंतू झाले, तर माणूस हातचा जातो. डॉक्टरांनी हे अगदी या शब्दांत सांगितलं होतं.

जंतू झाले की पोटातून निघणारं पाणी गढूळ येतं. म्हणून भाऊ रोज सकाळी निघालेली पिशवी उजेडात धरायचे, मागे वर्तमानपत्र लावायचे आणि पिशवीतून बातमी वाचायचे. अक्षरं वाचता आली म्हणजे दिवस चांगला. मोठ्यानं वाचायचे, शांताबाईंना ऐकू जावं म्हणून. कधी पिकावरच्या अळीची बातमी, कधी कोणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. शांताबाई पलंगावरून म्हणायच्या, "चांगली बातमी वाचा ना जी एखांदी." भाऊ म्हणायचे, "वाचता येऊन राह्यली हेच चांगली बातमी."

तीन वर्षं त्या बाई घराबाहेर रात्रीच्या राहिल्या नाहीत. नेरच्या भाचीच्या लग्नाला गेल्या, अक्षता टाकल्या आणि पंगतीच्या आधी परत निघाल्या. त्यांना पाणीही मोजून प्यावं लागायचं. मग एक दिवस टीव्ही पाहता पाहता त्या म्हणाल्या, "मले एक डाव समुद्र पाहायचा आहे." पुन्हा बोलल्या नाहीत. पण भाऊंचं तसं नव्हतं. त्यांच्या कानावर काम पडलं की ते करूनच उठायचे.

डॉक्टर म्हणाले, जा, पण रोज चार वेळा स्वच्छ, सपाट, धूळ नसलेली जागा मिळाली पाहिजे. लॉजवर भाऊंचा भरवसा नव्हता. त्यांनी एका शाळेची मोडीत निघालेली मिनी बस आणली आणि दुकानामागे उभी केली. पाच महिने ते तिच्यात घुसून होते. बाकं काढली, ड्रायव्हरच्या सीटमागे एक मधलं दार घातलं, त्याच्या मागे एक पलंग बसवला, खिडक्यांना रबर लावून त्या हवाबंद केल्या, पायानं दाबायचा नळ केला, मागं एवढासा संडास. पिशवी टांगायचा आकडा शांताबाईंना तीनदा बसवून, उठवून, मोजून वेल्ड केला. पांढरा रंग दोन हात दिला तरी त्याखालची 'स्कूल बस' ही अक्षरं काही गेली नाहीत. पुढे साऱ्या प्रवासभर पोरं आम्हाला पाहून हात हलवत होती आणि भाऊ प्रत्येक पोराला हॉर्न देत होते.

मला त्यांनी सोबत बोलावलं ते नकाशासाठी. माझी बायको म्हणाली, "तुम्ही जा, मी काही त्या डब्यात झोपत नाही," आणि चिवड्याचा मोठा डबा दिला. मी भाऊंना विचारलं, एवढ्या लांब कुठं, जवळ एखादं धरण पाहू. तर ते म्हणाले, "तुमीच सांगतलतं ना सर, का हा आपल्या दुकानापुढचा रस्ता सीधा रत्नागिरीले जाते म्हून? एवढे वर्सं तो जाऊन राह्यला अन् आपण पाहून राह्यलो." मी कपाटातून नकाशा काढला.

तुरीची कापणी उरकली आणि आम्ही निघालो. पिशव्यांची खोकी पलंगाखाली, मी पुढे नकाशा घेऊन. पिशवी पोटात सोडण्याआधी कोमट करावी लागते. त्यासाठी भाऊ ती तिच्या वेष्टनासकट टॉवेलात गुंडाळून इंजिनाच्या झाकणावर ठेवायचे आणि मनगटाच्या आतल्या बाजूनं तपासायचे, बाळाचं दूध तपासतात तशी.

मुक्कामाची जागा शोधण्याचं त्यांचं एक शास्त्र होतं. "चार वाजले का जागा पाहा. सहा वाजले का भेटन ते घ्या लागते." चार वाजले की गाडीचा वेग निम्मा व्हायचा. पेट्रोल पंप नको, ट्रकांची धूळ उडते. जिनिंगचं आवार नको, कापसाचा तंतू हवेत असतो. लग्नाचं लॉन नको. शाळा चांगली, हात धुवायला नळ असतो आणि संध्याकाळी कोणी नसतं. भर दुपारी कुत्रं निवांत झोपलं असेल ती जागा हमखास चांगली, कारण तिथं गाड्या येत नाहीत आणि कोणी दगड मारत नाही. जागा पसंत पडली की वाटी काढायची, गाडीत खाली ठेवायची, पाणी सांडेल त्या बाजूच्या चाकाखाली चपटा दगड द्यायचा. सगळं जमलं की वाटीतलं पाणी जवळच्या झाडाला. "जागेचं भाडं," म्हणायचे.

पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट. गाडी थांबवली की ते उतरायचे, जे पहिलं घर दिसेल त्याच्या दाराशी जायचे आणि म्हणायचे, "पाणी भेटन काय?" गाडीत तीस लिटर पाणी असायचं. मी म्हणालो, "अहो, आपल्याजवळ आहे ना." ते म्हणाले, "आधी पाणी मागावं, मंग मुक्काम मागावा. माहा बाप सांगे." त्यांचे वडील कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, हाकायचे. मालकांचा कापूस भरून दारव्ह्याला, बोरी अरबला न्यायचे, वाटेत मुक्काम करत. मला वाटलं, जुन्या लोकांची रीत असेल. पाणी दिलेला माणूस जागेला नाही म्हणत नाही, एवढा मी अर्थ लावला आणि मान डोलावली. अर्थ लावायची मला घाई फार.

सोलापूरच्या अलीकडे एक जागा मिळाली होती, अजून डोळ्यांपुढे आहे. रस्त्याला लागून मळा, नवं घर, समोर फरशीचं लांबरुंद अंगण, धुळीचं नाव नाही. नळ, संडास, आंब्याची सावली. मालक मोठा बोलका माणूस. कुठले, कुठं निघालात, नावं काय, आडनावं काय, सगळं विचारलं. शांताबाईंचं ऐकून हळहळला. "खुशाल राहा," म्हणाला. गड्यानं पाणी आणून दिलं. मी प्यालो. भाऊही प्याले, हात जोडले, "येतो जी," म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. मी धावत मागं. गाडी चालू.

मला राग आला. मला राग येतो, लपवत नाही. साडेपाच वाजून गेले होते आणि शांताबाईंची संध्याकाळची वेळ जवळ आली होती. मी तासभर बडबड करत होतो की काशी हातात आली होती आणि तुम्ही सोडून दिली. भाऊ गाडी चालवत राहिले. शांताबाई मागून एवढंच म्हणाल्या, "राहू द्या ना सर. त्यायले समजते." शेवटी एका पडक्या शाळेपाशी थांबलो. समोरच्या झोपडीतल्या म्हातारीनं तांब्या भरून भाऊंच्या हातात दिला, वर विचारलं, "भाकर खाल्ली का रं?" तिथं चाकाखाली चार दगड द्यावे लागले. अंगणात कोंबड्या. पण भाऊ त्या दिवशी पहिल्यांदा शीळ घालत काम करत होते.

पाचव्या दिवशी समुद्र आला. घाट उतरून एका वळणावर तो एकदम दिसला आणि भाऊंनी गाडी बाजूला घेतली. शांताबाई खिडकीला कपाळ लावून बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "हा सरकून राह्यला व बाई." मी म्हणालो, त्या लाटा आहेत. त्या म्हणाल्या, "शिकवू नका, सर. पाहू द्या."

खाली उतरलो ती एक लहान वाडी होती, नाव सांगत नाही. संध्याकाळचे पाच. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. आणि समोर जी वाळू होती ती पाहून आम्ही दोघं हरखून गेलो. ओली, घट्ट, मैलभर सपाट. आता आमच्याकडचा माणूस अशा वेळी काय करणार? आमच्या अरुणावतीच्या पात्रात उन्हाळ्यात ट्रॅक्टर उतरतात, तिथं टरबुजाच्या वाड्या लागतात, लोक महिनोन्‌महिने राहतात. ओली वाळू म्हणजे घट्ट वाळू, घट्ट वाळू म्हणजे चाक रुतत नाही. भाऊंनी अलगद गाडी खाली घेतली आणि पाण्याच्या दिशेला तोंड करून लावली. वाटी ठेवली. पाणी काठाला तंतोतंत, एक थेंब सांडला नाही. साऱ्या प्रवासात असं झालं नव्हतं. "असा तळ तं माह्या दुकानातबी नाई," भाऊ म्हणाले.

मग ते इकडंतिकडं पाहू लागले. घरं वर, माडांच्या पलीकडे, चांगली पाव कोस. "कोणाले पाणी मागतलं नाई," म्हणाले.

मी म्हणालो, "अहो देवरावभाऊ, समोर एवढं पाणी पसरलं आहे, अजून कोणाला मागता? बाईंची वेळ होत आली."

हे मी बोललो. मी, ज्यानं तीस वर्षं नववीला भरती-ओहोटी शिकवली. चार गुणांचा प्रश्न, आकृती काढली तर एक गुण जास्त. त्या दिवशी पौर्णिमा होती, आणि पौर्णिमेला उधाणाची भरती येते, हेही मीच फळ्यावर लिहायचो. पण समुद्र मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला होता आणि पुस्तकातला समुद्र नि हा एकच आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

शांताबाईंनी हात धुतले, मास्क लावला, भाऊंनी खिडक्या बंद केल्या आणि नळी जोडली. जुनं पाणी निघायला लागलं. मी बाहेर उभा राहून सूर्य बुडताना पाहत होतो. पायाला गार लागलं तेव्हा खाली पाहिलं. लाट आली होती, परत गेली. मी मनाशी म्हटलं, छान. दुसरी आली ती पुढच्या चाकापर्यंत.

तेवढ्यात वरून एक बाई ओरडत धावत आली. डोक्यावरची टोपली तिनं वाटेतच टाकली होती. "ओ पाहुणे, गाडी काढा वर. भरती लागलीय." भाऊ मधलं दार घट्ट लावून पुढच्या दारानं उतरले, चाकं पाहिली. वाळू मऊ झाली होती. त्यांनी गाडी चालू करून मागे घेतली आणि मागची चाकं जागच्या जागी फिरून वीतभर खाली गेली. बंद केली. मी त्यांना सव्वीस वर्षं ओळखत होतो, पण त्यांच्या तोंडचं पाणी असं पळालेलं कधी पाहिलं नव्हतं.

ती बाई, हिराबाई तिचं नाव, मागच्या दाराला हात घालत म्हणाली, "आधी बाईमाणसाला खाली घ्या, गाडीचं मागनं बघू." भाऊ दारापुढे आडवे झाले. "नाई जी. दार उघडू नका. तिच्या पोटाले नळी लागली आहे. वारा गेला तं ते मरते." हिराबाईला काय समजलं कोण जाणे, पण तिनं दारावरचा हात काढला. वर तोंड करून तिनं अशी हाक दिली की माडांच्या मागून माणसं निघाली. जाळं ओढायचा दोर घेऊन पंधरा-अठरा बाया आणि पुरुष आले. कोणी फळ्या आणल्या, होडी सरकवायला घालतात त्या. मागे दोर बांधला. पाणी घोट्याच्या वर आलं होतं.

आतून शांताबाईंचा आवाज आला, अगदी शांत. "मी चिमटी बंद केली, जी. नळी घट धरून बसली आहो. तुमी ओढा."

एक म्हातारा लय धरून हाका देत होता, त्याच्या हाकेला सगळे मिळून ओढायचे. मीही दोर धरला होता, पण माझा उपयोग किती झाला देव जाणे. तीन हिसक्यांत काही नाही. चौथ्याला गाडी कुरकुरली आणि फळीवर चढली. तिथून माडांपर्यंत कोणी थांबलंच नाही.

भाऊ हिराबाईच्या अंगणात पोचले. हिराबाई घरात गेली आणि गिलास घेऊन आली. मागितला नव्हता कोणी. तिनं तो भाऊंच्या हातात कोंबला आणि म्हणाली, "आधी पाणी प्या. मग गाडी कुठं लावायची ते सांगते." भाऊंनी तिच्याकडे पाहिलं आणि गिलास तोंडाला लावला. मग हात धुऊन, मास्क लावून आत गेले आणि अर्धं राहिलेलं काम पूर्ण केलं.

पोटात जंतू गेले की नाही ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळायचं होतं. मी अंगणात दात घासायचं सोडून उभा होतो. हिराबाईला काल संध्याकाळीच सगळं सांगितलं होतं, तीही मासळीची टोपली खाली ठेवून उभी राहिली. भाऊ पिशवी घेऊन बाहेर आले. आर्णीहून आणलेल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यातलं एक मी मागे धरलं. भाऊ म्हणाले, "सर, स्थिर धरा." मग डोळे बारीक करून वाचायला लागले. "बोरी अरब... येथील बाजारात... बैलांची आवक... घटली." एवढं वाचून थांबले नाहीत. अख्खी बातमी वाचली, खाली बातमीदाराचं नाव होतं तेही वाचलं. आतून शांताबाई म्हणाल्या, "बैलं कायले घटले म्हणे?" आणि देवरावभाऊ तिथंच ओट्यावर बसले आणि रडले. मीही रडलो. हिराबाईनं टोपली उचलली आणि बाजाराला गेली.

आम्ही तिच्या अंगणात चार दिवस राहिलो. जाळी ठेवायचा सिमेंटचा ओटा होता, त्याला लागून गाडी. एका दगडात वाटी बसली. शांताबाई दिवसभर माडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसून समुद्र पाहायच्या. त्यांना पाण्याचा घोट घ्यायचा तोही वेळ पाहून. एकदा माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाहा ना सर, एवढं पाणी, अन् मले दिवसाले अर्धा लिटर." आणि हसू लागल्या. इतक्या हसल्या की भाऊ आतून पाहायला आले. मला त्यात हसण्यासारखं काय आहे ते तेव्हा कळलं नाही, पण मीही हसलो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. हिराबाईच्या घरून पाणी आलं, भाऊ प्याले. मला राहवलं नाही. म्हणालो, "भाऊ, साऱ्या महाराष्ट्राचं पाणी पिता आणि आमच्याच घरचं चालत नाही, हे काय?" गंमत म्हणून बोललो होतो.

ते सांगायला लागले. त्यांचे वडील बंडी घेऊन निघाले की वाटेतल्या गावात पाणी मागायचे. कोणी ओंजळीत वरून ओतायचं, कोणी हातात लोटा द्यायचं. जिथं वरून ओतलं, तिथं बैल सोडायचे नाहीत, मग कितीही अंधार पडो. "म्हून आधी पाणी, सर. पाणी मागतलं का गाव समजते."

"मग सोलापूरचा तो मळा?"

"तुमाले स्टीलचा गिलास देल्ला होता. मले कागदाचा. आडनाव इचारल्यावर." मी आठवून पाहिलं. मला फक्त फरशी आठवली.

"अन् तुमच्या घरी," ते म्हणाले, "ते गेट बसवाले मी आलतो. नवीनच दुकान टाकलं होतं. भर उन्हाळा. पाणी मागतलं, तं तुमच्या आईनं खिडकीवरचा एक येगळा गिलास काढला अन् त्यात वरून ओतलं. तुमी ओट्यावर पेपर तपासून राह्यलते. तुमी वर पाह्यलं नाई."

आवाज चढलेला नव्हता. हवामान सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं, "आई जुन्या वळणाची होती हो."

"हाव," देवरावभाऊ म्हणाले. "आई जुन्या वळनाची होती. तुमी तं बी.एड. झालते."

मग उठले. शांताबाईंची वेळ झाली होती, पिशवी कोमट करायची होती. जाता जाता म्हणाले, "गेट मात्र सीधं बसलं. आजबी पाहा."

परत आलो. भाऊंचं येणं-जाणं तसंच राहिलं, ओट्यावर बसणंही. मी त्यांना पाणी विचारणं सोडून दिलं. बायकोनं कारण विचारलं, मी सांगितलं, मग तिनंही गिलास आणणं सोडलं. पाणी पुढं करून करून काय होणार होतं? ते मागायचं की नाही हे त्यांच्या हातात होतं.

पुढच्या उन्हाळ्यात शांताबाई गेल्या. झोपेतच, हृदय थांबलं. जंतूबिंतू काही नाही, त्या सकाळच्या पिशवीतूनही अक्षरं स्वच्छ दिसत होती. भाऊंनी मला बोलावून ती दाखवली. "पाहा सर, वाचता येते," म्हणाले. दोनदा म्हणाले. मी हो म्हणालो.

मग त्यांनी दुकान बंद केलं. मुलगी नागपूरला बोलावत होती. घर भाड्याचं, ते रिकामं करून किल्ली मालकाला दिली. भांडी वाटली, यंत्रं विकली. मला वाटलं, सकाळीच निघून गेले असतील, न भेटता. त्यांचा स्वभावच तसा. मी ओट्यावर बसून उगाच वर्तमानपत्र चाळत होतो.

बरोबर चार वाजता ती मिनी बस आमच्या घरापुढे येऊन थांबली. 'स्कूल बस' अजून वाचता येत होतं. देवरावभाऊ उतरले. नेहमीसारखे गेट उघडून आत आले नाहीत. त्यांनीच बसवलेल्या त्या गेटापाशी बाहेर उभे राहिले, वहाणा काढलेल्या नाहीत, हात गेटावर.

"सर," म्हणाले, "पाणी भेटन काय?"

मी या वेळी वर पाहिलं. बायको आतून उठत होती, तिला मी हातानं थांबवलं. मी रोज ज्या गिलासानं पितो तो घेतला, माठातून भरला आणि गेटापर्यंत गेलो. अर्धं पाणी माझ्या हातावर सांडलं असेल. गिलास त्यांच्या हातात दिला. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली, खरबरीत, ठिणग्यांनी भाजलेली.

ते सावकाश प्याले, एकेक घोट. गिलास रिकामा झाल्यावर त्यांनी माझ्या पाठीमागचं अंगण एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग गिलास पुन्हा माझ्यापुढे धरला.

"अजून एक द्या," म्हणाले. "मंग वाटी काढतो."